शेवट मामीच्या मर्जीचा

३ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोन ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचे निरोप तुम्ही वाचत नाही, म्हणून सगळ्या जगात मी पत्र लिहिते ते फक्त तुम्हाला. आजचं कामाचं आहे.

माझं सदर बंद होणार. दर रविवारी एक नवी वस्तू, एक वेबसाइट, एक सिनेमा. चार वर्षं लिहितेय. काल संपादकांनी बोलावून सांगितलं की ते वाचताना कंपनीचं माहितीपत्रक वाचल्यासारखं वाटतं, एकाही वाचकाचं पत्र येत नाही, आणि महिनाअखेर ती जागा गाद्यांच्या जाहिरातीला जाईल. आधीच्या रविवारांचे लेख देऊन झालेत, शेवटचा एक उरलाय.

सोबतच्या खोक्यात एक चष्मा आहे. समोरचा बोलला की त्याचे शब्द काचेच्या खालच्या कडेला लिहून येतात. कंपनीनं परीक्षणासाठी दिलाय. मी घालून पाहिला, पण मला चांगलं ऐकू येतं, मला काय कळणार? तुम्ही घाला आणि वाटेल ते लिहून कळवा. जगभरातली रेडिओ केंद्रं नकाशावर दाखवणारी एक वेबसाइटही बघा. पत्ता खोक्यावर आहे.

मामीला नमस्कार. तुमच्या लोभाला तरी महिनाअखेरची मुदत नसावी.

तुमची,
किल्ली

९ फेब्रुवारी

चि. किल्लीस,
अ. उ. आ.

खोकं पोचलं. उघडलेलं नाही.

बहिऱ्या माणसाला रेडिओची वेबसाइट सुचवणारी तू पहिलीच.

मागे कानातलं यंत्र आणलं होतं. त्यात माणसांपेक्षा चमचे मोठ्यानं बोलायचे. ते कपाटात आहे. जन्मभर मी लोकांचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त केले. जी वस्तू दुरुस्त होणार नाही तिच्याबद्दल गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगून टाकायचो. माझे कान त्यातले.

तुझं सदर मी वाचतो. संपादकांचं काही चुकलेलं नाही. तुला प्रत्येक वस्तू उत्तम वाटते. सगळंच इतकं उत्तम असतं तर माझं दुकान चाललं नसतं.

आमचं बरं चाललंय. शनिवारी मामी आणि मी टीव्हीवर सिनेमा बघतो. प्रसंग संपला की ती माझ्याकडे तोंड वळवते आणि ओठ सावकाश हलवत काय झालं ते सांगते. आणखी यंत्र नको.

राग येईल. आल्यास पुढच्या पत्रात झाडून मोकळी हो.

मामा

१२ फेब्रुवारी

ती. मामांस,
रागासह नमस्कार.

चष्मा वाईट असेल तर वाईट म्हणून लिहा. तेच हवंय. वीस तारखेला लेख द्यायचाय. हे सदर गेलं तर मला पालिकेच्या गटार समितीच्या बैठकांना बसवतील, आणि तिथली प्रत्येक बातमी मी तुम्हाला पोस्टानं पाठवीन.

मामीला वेगळा निरोप धाडलाय. हे पत्र पोचेपर्यंत तिनं खोकं उघडलंही असेल.

रागावलेली, तरी तुमचीच,
किल्ली

१८ फेब्रुवारी

चि. किल्लीस,
अ. उ. आ.

खोकं मामीनं उघडलं. चष्माही तिनंच माझ्या नाकावर चढवला. पुढचं लिहितो ते तसंच छाप.

आधी दोष. चष्मा जड आहे. कान दुखतात, पण निदान काड्या अडकवायच्या तरी कामी आले. अक्षरं बोलण्याच्या किंचित मागून येतात. दोघं एकदम बोलले की गुंता होतो. चार्जिंग संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

रविवारी शेजारचे पोस्टमास्तर आणि त्यांची बहीण पत्ते खेळायला आले. नेहमी येतात. ते हसले की मी हसतो, जरा मागाहून, कशाला ते न कळता. या रविवारी पानं वाटून झाली आणि काचेवर अक्षरं आली. पोस्टमास्तर बहिणीला सांगत होते की घाबरू नकोस, यांच्याकडे हुकमाचा एक्का असला तरी हे तो उशाखाली घेऊन झोपायला राखून ठेवतात. माझ्यासमोर, खुशाल. वर्षानुवर्षं हेच चाललं असणार. मी एक्का खाली टाकला आणि म्हणालो की आज उशी उन्हात टाकली आहे.

पोस्टमास्तरांनी वाकून माझा चष्मा पाहिला. मग पोस्टमास्तर इतके हसले की त्यांची पानं जमिनीवर पडली. मीही हसलो. मागाहून नाही. बरोबरीनं.

वेबसाइट मामीनं ताब्यात घेतली आहे. काल कुठल्याशा बेटावरचं केंद्र लावून ती चादरींच्या घड्या घालत होती. काचेवर एकच शब्द आला : संगीत. ती चादरीसकट डोलत होती. एवढं पुरलं.

आता सिनेमा. शनिवारी दोन भावांचा एक जुना सिनेमा लागला. मामीच्या ओठांवरून मी तो तीनदा पाहिला आहे. शेवटी दोघं मालधक्क्यावर उभे राहून बोलतात. मामीच्या म्हणण्याप्रमाणे तिथे ते भागीदारीत दुकान काढायचं ठरवतात. काचेवर निराळंच आलं. धाकटा थोरल्याला सांगतो की पुन्हा तोंड दाखवू नकोस. मी मामीकडे पाहिलं. ती पडद्याकडे फारच लक्ष देऊन बघत होती.

दुकानाचा तो शेवट मी न्हाव्याला मोठ्या कौतुकानं सांगितला होता. त्याची कात्री का थांबली ते आता कळलं.

मामीला विचारलं. ती म्हणाली की कान गेले त्या वर्षी मी भिंतीकडे तोंड करून बसायचो. तेव्हा तिला वाईट शेवट सांगवेना. पुढे सवय लागली. शिवाय तिच्या मते तिचे शेवट सिनेमावाल्यांपेक्षा बरे आहेत.

आहेत.

निकाल : चष्मा जरूर घ्यावा. वेबसाइट घरातल्या ऐकणाऱ्याला द्यावी. सिनेमा दोनदा बघावा, एकदा चष्म्यातून आणि एकदा मामीकडून.

छापून आलं तर एक अंक पाठव, नाही आलं तर गटारांच्या बातम्या पाठव.

मामा

२ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

जिंकलो!

तुमचं पत्र मी एक शब्द न बदलता दिलं. संपादकांनी ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. रविवारी छापून आलं आणि बुधवारपर्यंत माझ्या टेबलावर कोपर ठेवायला जागा उरली नाही. एका बाईंनी आपल्या वडलांसाठी चष्मा मागवलाय. एका वाचकाला मामीनं बदललेल्या सगळ्या सिनेमांची नावं हवी आहेत. गाद्या शेवटच्या पानावर गेल्या. आपल्याला अर्धं पान मिळालं.

आपल्याला म्हणजे तुम्हाला आणि मला. तुम्ही दर आठवड्याला लिहिलंत तरच सदर राहील, असं संपादकांनी स्वच्छ सांगितलंय. चष्मा तुमच्याकडेच ठेवायला कंपनीची हरकत नाही. दोष वाचूनसुद्धा नाही! पुढचं खोकं निघालंय, या वेळी उघडावं.

लोभ अर्ध्या पानाइतका नको, पूर्ण हवा.

किल्ली

१० मार्च

चि. किल्लीस,
अ. उ. आ.

मामांना कबूल आहे. त्यांच्या दोन अटी आहेत. दोष आधी छापायचे, आणि सिनेमाचा भाग मी लिहायचा. शेवट माझ्या मर्जीचे. संपादकांना चालत नसेल तर त्यांनी गाद्या विकाव्यात, असा मामांचा निरोप आहे.

चष्मा ते दिवसभर घालतात. पत्त्यांमध्ये पोस्टमास्तरांना आता कुजबुजावं लागतं. न्हाव्याकडे मामा मुद्दाम जाऊन आले आणि दुकानाचा शेवटच खरा असं ठणकावून सांगून आले. माझ्या तोंडचं एक अक्षर सुटत नाही, त्यामुळे मला बोलताना जपावं लागतं.

शनिवारी मात्र सिनेमा सुरू झाला की चष्मा काढतात, डबीत ठेवतात आणि माझ्याकडे तोंड करून बसतात. चार्जिंग संपलं का म्हणून मी विचारलं. म्हणाले, नाही, शेवट कसा असेल सांगता येत नाही.

इकडे येशील तेव्हा शनिवार धरून ये. माया आहेच, ती वसूल करायला यावं.

तुझी,
मामी