सीनं मला कळवलं नाही

१६ जून २०२५
फेब्रुवारीनंतर इथे एक ओळ लिहिली नाही, दिलगीर आहे. कारण शोधायला गेलो तर आळस सापडेल, म्हणून शोधत नाही.

आज कॉलेजात मीटिंग. कॉम्प्युटरच्या नव्या सिलॅबसमध्ये पहिल्या वर्षाला सी भाषा नाही, पायथॉन. नोकरी लागल्यापासून मी सीच शिकवली. विभागप्रमुख आबासाहेबांनी पायथॉन कोण घेणार विचारलं, तेव्हा रोहिणी मॅडमच्या आधी मी हात वर केला. ते म्हणाले, "सर, तुमाला येती का पण?" म्हटलं, एक भाषा आली की बाकीच्या आपोआप येतात. हे खोटं आहे का? पारनेर स्टँडपर्यंत विचार केला. पूर्ण खोटं नाही.

संकल्प: रोज पहाटे पायथॉन.

२० जून, सकाळी ८.४०
पायथॉन स्वतःच सीमध्ये लिहिलेली आहे! म्हणजे आमच्याच घरची लेक. तर आधी आईचा इतिहास. अमेरिकेतली लॅब, आधी बी नावाची भाषा, मग सी. नोट्स झकास झाल्या. पायथॉन अजून इन्स्टॉल केलेली नाही, पाया महत्त्वाचा. बायको म्हणाली, पाया झाला असेल तर दूध आणा.

२५ जून
पुढचा इतिहास वाचला. वाचायला नको होता. सीची नवी रूपं १९९९, २०११, २०१८, २०२४ साली आली. मी मात्र लॅबमधल्या टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरच्या निळ्या स्क्रीनसमोरच. स्क्रीन पुसायची जी कमांड विसरली म्हणून पोरांचे मार्क कापले, ती सीची नव्हतीच. त्या एका सॉफ्टवेअरपुरती होती.

मी चौकशी करायला हवी होती का? हवी होती. पण एवढी वर्षं एकत्र काढल्यावर तिनं एका शब्दानं सांगू नये?

२ जुलै
पहिला तास. घंटा होईपर्यंत सीचा उगम सांगितला. पुढच्या बाकावरच्या दिशानं विचारलं, सर, पायथॉन कधी? म्हटलं, आधी तिच्या आईची ओळख. मागून आवाज: "मंग मामाची कदी, सर?" वर्ग हसला. माझ्यावर नसावा.

३ जुलै
प्रॅक्टिकल. महिरपी कंस टाकले, सगळ्या ओळी डावीकडे चिकटवल्या. सीत चालतं. इथे एररवर एरर. दिशा म्हणाली, सर, आतल्या ओळी उजवीकडे सरकवाव्या लागतात. घरच्या लेकीनंही ओळख दाखवली नाही.

७ जुलै
पोरं तक्रार घेऊन आबासाहेबांकडे गेली होती. दिशासुद्धा. आबासाहेब म्हणाले, "इतिहास लई भारी सांगता सर, पण पोरांना नोकऱ्या करायच्यात." पायथॉन रोहिणी मॅडमकडे.

विश्वासघात, असं लिहिणार होतो. पण त्या वर्गात असतो तर मीही गेलो असतो. एवढं मान्य करायला संध्याकाळ गेली.

उद्या: रोहिणी मॅडमना विचारणे, तासाला मागे बसलो तर चालेल का.