सासूबाईंचं मत

सोमवार, मतदानाचा दिवस. संध्याकाळ.

आज मन थाऱ्यावर नाही. टँकर सुरू होईपर्यंत गावातून कुणी मत द्यायचं नाही, असं परवा सोसायटीच्या ओट्यावर ठरलं. मीही हात वर केला होता. आणि आज सकाळी सासूबाई पांढरं लुगडं नेसून मत द्यायला निघाल्या.

"आत्या, गाव काय म्हणंल?"

"म्हणू दे. माझ्या आज्याला मत न्हवतं. मला हाय."

त्यांना नीट दिसत नाही, म्हणून मीच हात धरून शाळेपर्यंत नेलं. पारावरची माणसं बोलता बोलता थांबली. शेजारची सुशीला आम्हाला पाहून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. शाळेत सकाळपासून रिकामे बसलेले कर्मचारी मात्र चक्क उठून उभे राहिले. सासूबाईंनी बटण दाबलं. "ताई, तुमचं?" एका कर्मचाऱ्यानं मला विचारलं. मी नको म्हणाले. गावाला शब्द दिला होता. पण मग तिथपर्यंत जाऊन मत न देता परत फिरताना एवढं वाईट का वाटलं? आणि सुशीलाचं ते दार. रोज पाण्याला सोबत जातो आम्ही.

शेवटी चुलीपाशी विचारलंच, "आत्या, माझा राग आला का?"

"राग कावून यील? तू पाण्यापायी थांबलीस. मी बी पाण्यापायीच गेलते."

उद्या बायका हंडे घेऊन तहसीलवर जाणार आहेत. सासूबाईही येते म्हणतात. नेणार आहे मी त्यांना. टेम्पोत त्यांच्याशेजारी कुणी बसलं नाही, तर मी बसेन.