मामांच्या बॅगेतली कोंबडी

तीर्थस्वरूप ताईस,

आधी साष्टांग नमस्कार, मग तुझ्या गुडघ्यांची चौकशी, भावोजींच्या खोकल्याची विचारपूस, आणि त्यानंतर एक विनंती: पुढचं वाचताना फोन उचलू नकोस. (इथे फोन पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय लागत नाही, आणि शिडीला लटकून तुझी बोलणी खाणं मला झेपणार नाही.)

तू मला दोन दिवसांसाठी पाठवलंस. मामा गोठ्यात घसरून पडले, सत्तरी उलटली, एकटे राहतात, तेव्हा त्यांची बॅग भर आणि कायमचं इकडे घेऊन ये, असा तुझा हुकूम. आज विसावा दिवस. बॅग मी आल्या दिवशीच भरायला घेतली होती, हे आधी लिहून ठेवतो. मामा एका शब्दानेही नाही म्हणाले नाहीत. शर्टांच्या घड्या करून देत राहिले, मामींचा फोटो पुसून दिला, मधेच उठून गाईशी काहीतरी बोलून आले. पण हुकूम तो हुकूम.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर उघड्या बॅगेत, मामांच्या दोन्ही स्वेटरांवर, तांबडी कोंबडी ठाण मांडून अंड्यांवर बसलेली! (माझा यात काडीचाही हात नाही. शपथ.) शेजारी बघायला आला. त्याला सगळे मुकादम म्हणतात, कारण तो बांधावर बसून साऱ्या गावाच्या कामावर देखरेख करतो आणि स्वतः काही करत नाही. त्याने निकाल दिला की खुडूक झालेली कोंबडी एकदा उबवायला बसली की एकवीस दिवस तिला हलवायचं नाही, गावात आजवर कुणी हलवलेली नाही. झालं! बॅग अडकली, बॅगेपायी मामा अडकले, मामांपायी मी.

आता फुकट बसून जेवायचं कसं, म्हणून मी शेताला पाणी द्यायला गेलो. मामांनी दोनदा समजावलं होतं की डावीकडचा पाट फोडायचा. मी उजवीकडचा फोडला आणि बांधावर बसून पाखरं बघत राहिलो. तासाभराने मामांचे वाटाणे कोरडे ठणठणीत आणि मुकादमाचा कांदा गुडघाभर पाण्यात. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो, तर मुकादम म्हणाला, बरं झालं, उद्या मीच देणार होतो. आणि आपल्या पाळीचं पाणी त्याने मामांच्या वाटाण्याकडे वळवलं. (वीस दिवसांत त्याने केलेलं हे एकमेव काम.) माझ्या इमारतीत गॅलरीतून चार थेंब खाली पडले तर सभा बोलावतात गं!

खरं सांगायचं ते पुढेच आहे. परवा मी आणि मामा दोघेही गाढ झोपलो. खुराड्याचं दार रोज सहाला उघडतं, ते साडेसहापर्यंत उघडलं नाही. पावणेसातला अंगणात सात माणसं! दूधवाल्या काकू कॅनसकट, सुतार हातातल्या रंध्यासकट, आणि मुकादम चक्क पळत. मामा पडले तेव्हाही असंच झालं होतं म्हणे, पाच मिनिटांत उचललं त्यांना. आणि मी गेल्या वर्षी चार दिवस तापाने फणफणलो होतो, तेव्हा माझं दार फक्त पेपरवाल्याने वाजवलं, तेही रद्दी मागायला. तेव्हा ताई, एकटं कोण राहतं, याचा जरा विचार कर.

मला इथे फार बरं वाटतंय. संध्याकाळी गोठा झाडून झाला की आम्ही दोघं दारात बसून शेंगा सोलतो. भूकही सपाटून लागते.

तुझा (अजून तरी) आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं. आज तेविसावा दिवस, पिल्लं निघाली. मामांनी बॅग स्वतः धुऊन उन्हात ठेवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, कधी निघायचं? उत्तर तू दे, पण इथे येऊन, चार दिवस राहून दे. जुनी चप्पल आण. बॅग आणू नकोस, पिशवी पुरेल.

ता. क. २. वर शपथ घेतली ती मागे घेतो. तांबडीला आल्या दिवशी दिवेलागणीला मीच उचलून बॅगेत ठेवली. अंडीही मीच ठेवली, मोजून अकरा. मामांना यातलं काही बोलू नकोस.

ता. क. ३. पिल्लं बारा आहेत. खुडूक कोंबडी अंडं घालत नाही, हे मला मुकादमाने आत्ता सांगितलं. बारावं कुणी ठेवलं, ते मी मामांना विचारलेलं नाही.