युगोस्लाव्हियाचं स्थळ

९ सप्टेंबर १९९०, रविवार. सकाळी.
पहाटे झोपेत तो आवाज आला. सर्रर्र. शेजारच्या वर्गात सुकदेव नकाशाची गुंडाळी भिंतीवर सोडायचा, तो आवाज. इकडे मी कवितेतून पोरांना आंबराईत नेलेलं, कोकिळा आता बोलणार, आणि तिकडे सर्रर्र! झालं. कोकिळा उडाली. सगळे कान भूगोलाकडे. आयुष्यभर मी कविता शिकवली आणि आयुष्यभर या माणसाने माझ्या कवितेवर युरोप सोडला.
आता दोघेही रिटायर. तो धुळ्याला देवपुरात, मी जळगावात मेहरूणला. अंतर बरं आहे. मला त्याचा हेवा वगैरे काही वाटत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
यशोदा बातमी घेऊन आली. पुखराजला पाइपच्या कारखान्यासाठी युरोपातून नवं यंत्र आणायचंय. इटली, जर्मनी, युगोस्लाव्हिया, तिन्हीकडून भाव आलेत. कोणत्या देशावर भरवसा ठेवावा ते विचारायला त्याने सुकदेवला बोलावलंय. धुळ्याला गाडी पाठवून! पुखराज माझाही विद्यार्थी. आठवीत माझ्याच वर्गात उभा राहून कविता म्हणायचा, डोळे मिटून. मी नशिराबाद रोडवरच्या त्याच्या कारखान्यापासून रिक्षाच्या अंतरावर. मला निरोपसुद्धा नाही.
यशोदा म्हणते, तुम्हले युरोपनं काय करनं शे? सुकदेवभाऊ हुशार शेत, त्या सांगतीन. बायको माझी, कौतुक त्याचं.
संकल्प: या वहीत सुकदेवचं नाव लिहायचं नाही. लिहायचंच झालं तर ‘धुळेकर’.

११ सप्टेंबर.
स्वतःच गेलो. बिनबोलावता गेलो असं नाही, त्या बाजूला काम होतं. धुळेकर खुर्चीत, पुढे ग्लोब, शेजारी कचोरी. दात अजून सगळे शाबूत आहेत त्याचे. बोटाने ग्लोब फिरवत म्हणत होता, इटली महाग पडेल, पण माल बंदरातून सरळ निघेल. युगोस्लाव्हियाचा भाव बरा, पण तिथलं काही धड दिसत नाही.
मी म्हणालो, पुखराज, देश असा गोळ्यावर बघतात का? मुलगी देताना स्थळ कसं बघतो आपण? घर बघतो. भाऊ किती, एकत्र की विभक्त, शेजारी काय म्हणतात. धुळेकर हसला. पुखराज मात्र हसला नाही. म्हणाला, गुरुजी, बघा मग तुमच्या पद्धतीने. दोघांचंही ऐकू. आणि ज्याचं ऐकू, त्याच्या हातून यंत्राचा नारळ फोडू.
घरी आलो ते तरंगत. नारळ माझाच.

१६ सप्टेंबर.
वाचनालयात बसून तिन्ही स्थळांची चौकशी केली. पाठीला रग लागली.
इटली: दर वर्षा-दोन वर्षांनी घरचा कारभारी बदलतो. बोलणी कोणाशी करायची?
जर्मनी: वाटणी झालेले दोन भाऊ येत्या महिन्यात पुन्हा एकत्र राहायला येताहेत. अशा घरात वर्षभर भांडी आपटतात. अनुभव आहे, यशोदाचं माहेर.
युगोस्लाव्हिया: सहा भाऊ, एक घर! कर्ता म्हातारा जाऊन दहा वर्षं झाली तरी चूल एकच. डोळे भरून आले. तिथल्या तिथे ओळी सुचल्या.
सहा भावांचे एकच दार,
एकच ओसरी, एकच संसार.
धुळेकराला सुचेल का असं काही, जन्मात?

२३ सप्टेंबर.
जिंकलो! पुखराजचे वडील सोहनलालजी तक्क्याला टेकून ऐकत होते. ओळी म्हणून दाखवल्या तशी मान हलवू लागले. म्हणाले, मास्तर बरोबर बोलतो. एकत्र घर म्हणजे पत. सहा भाई, सहा जामीन. चुलते, पुतणे, सुना मिळून ह्यांचीही चूल एकच, त्यामुळे त्यांना ते स्थळ लगेच पटलं.
धुळेकर म्हणाला, शेठजी, भाऊ एकत्र दिसतात ते म्हाताऱ्याच्या धाकाने. धाक गेला. सोहनलालजींना ते आवडलं नाही. का आवडेल? त्यांचे चारही मुलगे समोर बसलेले.
ऑर्डर युगोस्लाव्हियाला. ल्युब्लियाना नावाचं गाव आहे. नाव नीट म्हणता येत नाही पण नादमधुर आहे. कचोरी आज माझ्या पुढे होती.

२६ डिसेंबर.
धुळेकराने पुखराजला ट्रंककॉल केला. सहातल्या एका भावाने मतदान घेऊन वेगळं व्हायचं ठरवलंय, आणि ल्युब्लियाना नेमकं त्याच्याच हद्दीत. ऑर्डर फिरवता आली तर बघ, म्हणाला.
काय ही जळफळ! पुखराजने मला विचारलं. मी म्हणालो, अरे, वेगळी चूल मागितली म्हणजे घर फुटत नाही. जावांचं बिनसलं असेल. होळीपर्यंत मिटतं. पुखराज म्हणाला, बरं. पण आवाज जरा बारीक होता त्याचा. थंडीने असेल.

१४ मे १९९१.
जूनअखेर यंत्र जहाजावर चढणार. पुखराजने जुनं यंत्र विकून शेड मोकळी केली, पाया घातला. मी नारळ फोडण्याचा सराव करतो आहे. घरातले तीन झाले. यशोदा म्हणते, रोज खोबऱ्यानी चटनी करी करी हात दुखना. कोट धुवायला दिला. धुळेकराला समारंभाला बोलवावं असं मीच सुचवलं. मन मोठं ठेवावं माणसाने. दुसऱ्या ओळीत बसवू.

२१ जून.
यंत्राआधी तिकडचा एक इंजिनिअर आलाय म्हणे, पाया तपासायला. मला अजून भेटवलेला नाही. समारंभासाठी राखून ठेवला असेल. इंग्रजीत स्वागतपर चार ओळी रचतो आहे. यमकाला अवघड भाषा.

२८ जून.
रेडिओ ऐकला. दोन भाऊ वेगळे झाले. घरात रणगाडे शिरले. ल्युब्लियानाचा विमानतळ बंद.
यंत्र कुठे आहे कोणालाच ठाऊक नाही. कारखान्यात ना जुनं ना नवं. कामगारांना घरी पाठवलं असं यशोदा म्हणाली. पुखराजची गाडी दोनदा आमच्या गल्लीवरून गेली. थांबली नाही. पेट्रोल वाचवत असेल.
मी जरा तापाने पडलो आहे. यशोदा कपाळाला हात लावून म्हणते, ताप नही शे. तिला कळत नाही.

१ जुलै.
सुकदेवचं पत्र. (धुळेकर.) वाटलं, आता टोमणा. तसं काही नाही. तब्येत विचारलीय. लिहिलंय की त्या भागाचा नकाशा आता पुन्हा काढायला लागेल, आणि तुमच्या त्या ओळी मला पाठ झाल्यात. हा माणूस धड भांडतसुद्धा नाही. मला याचाच राग येतो.
संकल्प: उद्या पुखराजकडे जाऊन चूक झाली म्हणून सांगायचं. पाऊस नसला तर.

४ जुलै. दुपारी.
पाऊस नव्हता. गुडघा होता.
पाहुणा मोरीत अंघोळ करतोय, तेवढ्यात लिहितो.
जेवून आडवा झालो आणि दार वाजलं. वाटलं, पुखराज. कोट घालू की पांघरूण घेऊ? पांघरूण घेतलं. यशोदाने दार उघडलं आणि पदर सावरत बाजूला झाली. उठलो. दारात पुखराजचा ड्रायव्हर पुना, त्याच्यामागे चौकटीपेक्षा उंच, लालबुंद गोरा माणूस. हातात सुटकेस. डोळे रडून सुजलेले.
पुना म्हणाला, शेठनी सांगं शे, सोयरीक गुरुजीसनी जमाडी, आते पाव्हना गुरुजीसना. शेठसना घर अंडं चालत नही, हाऊ खिचडी खाई खाई वाळी गया. त्याना देश ठिकाने लागे तोवर तुम्हनाकडेच. आणि गाडी वळवून गेलासुद्धा.
गोरा हात जोडून उभा. मी स्वागताच्या चार ओळी आठवू लागलो. पहिलीच आठवेना. तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, शेठ सांगत होते, या भागात एकच माणूस आहे ज्याला माझ्या गावाची नदीसुद्धा ठाऊक आहे. मग आशेने माझ्याकडे बघून विचारलं, आर यू सुकदेव सर?
यशोदा माझ्याकडे बघत होती.
मी म्हणालो, येस. आणि तिला चहा टाकायला सांगितला.