दोन सेकंदांचा मोझॅक

तात्या, कोऱ्हाळ्याच्या लग्नातली ती नवरी मंगळवारी माझ्याकडं आली. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि ती आत्ता आली. मी तर मनाची समजूतच घालून ठेवली होती, की आता कोण येतंय! बारामतीत तुमचा स्टुडिओ होता तिथं मोबाईलचं दुकान झालंय, त्या दुकानदारानं तिला माझा इंदापूरचा पत्ता दिला. भर दुपारी मी एका साखरपुड्याच्या शूटिंगचं मिक्सिंग करत बसले होते आणि ही दारात चपला काढून उभी. चाळिशी ओलांडलेली, कपाळावर घाम, काखेत पिशवी. पिशवीतून तिनं एक व्हीसीडी काढली. कव्हरावर तुमच्या हातचं तिरकं अक्षर दिसलं आणि मी ओळखलं, ही कोऱ्हाळ्याची. तिनं अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

“तुमीच होता का तात्यांच्या हाताखाली?” तिनं विचारलं. मी मान हलवली. मग ती खुर्चीच्या कडेला टेकली आणि एका दमात सांगत सुटली. तिचे वडील, ज्यांना ती आबा म्हणते, दोन महिन्यांपूर्वी गेले. “माझ्या लग्नाच्या शूटिंगमधी पाठवणीला आबा कुठंच न्हाईत. आई रडती, चुलत्या रडत्यात, मामा हाय, शेजारपाजार हाय. आबा तेवढे न्हाईत. मग ते चौकोन चौकोन येत्यात आन् गाडी एकदम रस्त्याला. बावीस वर्षं मी हेच धरून बसले, की बाप मला वाटं लावाय आला न्हाय.” तिला नर्सिंगचं शेवटचं वर्ष पुरं करायचं होतं आणि आबांनी सांगवीचं स्थळ ठरवून टाकलं होतं. लग्नाआधी महिनाभर बापलेकीचा अबोला. “आई म्हणायची, होते की गं गाडीच्या मागं. पर आईचं काय, तिनं जन्मभर त्यांच्यावर पांघरूणच घातलं.” मग तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. “त्या चौकोनांच्या जागी काय कापलंय का? मूळ कॅसेट असंल न्हवं तुमच्याकडं?”

तात्या, माझी पाचावर धारण बसली. मी म्हणाले, बघते. म्हणाले, जुन्या कॅसेटींना बुरशी लागते हो, बऱ्याच गेल्यात, शनिवारी या. बुरशीचं मी आधीच बोलून ठेवलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही. ती गेली तेव्हा समोरच्या पडद्यावरची साखरपुड्याची माणसं हसत तशीच थांबलेली होती, आणि मला ती कुणाची कोण तेही आठवेना.

आबा होते की नाही ते मला पाठ आहे. मी तिथंच होते ना! हळदीच्या, बायकांच्या शूटिंगला मुलगी बरी पडते म्हणून तुम्ही मला सगळीकडं न्यायचा, आणि बाकीच्या वेळी बॅटरीची पिशवी माझ्या खांद्यावर. नवरी गाडीत बसलीय, डोक्यावरून पदर, मान खाली. सगळी गर्दी पुढं, चाकाखाली नारळ ठेवतायत, कुणी लिंबू ठेवतंय, कुणी उगीच ओरडतंय. तुम्ही म्हणता, “चल गं, मागच्या काचंवरची थर्माकोलची नावं घेऊ.” आपण मागं जातो. तुम्ही नावं घेताय, मी वायर सांभाळत तुमच्या पाठीशी, आणि डाव्या बाजूनं एक कोपर फ्रेममध्ये येतं. मग फेटा. नवरीचा बाप. हा माणूस मांडवात दिवसभर कुणाशी धड बोलला नव्हता. त्यानं काचेवर हात टेकला, हातावर कपाळ टेकलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. तुम्ही कॅमेरा हलवला नाही. मला फक्त त्याची पाठ दिसत होती, पण पाठीवरूनही कळतं की हो. गाडी सुरू झाली तशी त्यानं डिकीवर दोनदा थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी, आणि वळला तर समोर आपण.

“तात्या, एवढं काढून टाका,” असं म्हणत त्यांनी तुमचा हात धरला. “बाप रडल्याला ल्योकीनं बघितला तर ती तितं नांदायची न्हाय. आठ दिवसांत माघारी यील. काढा.” तुम्ही शब्द दिलात. मला त्या वयात फार राग आला होता. एवढंच होतं तर पुढं जाऊन पोरीच्या डोक्यावर हात ठेवायचा ना, असं मी एसटीत बसल्यावर पुटपुटले.

मिक्सिंगचा कॉम्प्युटर तेव्हा नवा होता. चपला बाहेर काढून, हात पुसून आत जायचं, देवघरात जावं तसं. दोन दृश्यांच्या मध्ये घालायला त्यात शेकड्यानं इफेक्ट. गुलाब पडायचे, पान उलटायचं, बदाम उघडायचा. माझा जीव मोझॅकवर. चित्राचे चौकोन होतात, वाढत वाढत जातात, सगळा चेहरामोहरा मोडतो, आणि त्याच चौकोनांतून दुसरं चित्र जुळून येतं. मी एका हळदीत एवढे मोझॅक टाकले की तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. “अगं बये, लोकं लगीन बघाय बसल्यात का फरशी?” चारचौघांत बोललात, मी रडले. मग तुम्ही नियम सांगितलात तो आजतागायत पाळतेय. मोझॅक म्हणजे झाकण. व्याह्यांचं मानपानावरून वाजलं, कुणी पिऊन मांडवात पडलं, तर ते कापायचं आणि कापल्या जागी मोझॅक. तोही एक सेकंदाचा. वर एक फ्रेम नाही.

पण कोऱ्हाळ्याच्या लग्नाला तुम्ही माझ्या खुर्चीमागं उभे राहिलात. कोपर आत आलं तिथं म्हणालात, “हितं कट मार. मोझॅक कटच्या पुढं टाक, मागं नको. आन् दोन सेकंदाचा कर.” मी म्हणाले, तात्या, एकच ना? “सांगतो तेवढं कर.” केलं. मग मूळ कॅसेट बाहेर काढून तुम्ही पेचकसानं तिच्या कडेची ती छोटी प्लास्टिकची टॅब तोडलीत. टॅब तुटली की त्या कॅसेटीवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. बाकी सगळ्या कॅसेटी आपण पुसून पुढच्या लग्नाला वापरायचो, ही एकटीच कपाटात वरच्या कप्प्यात गेली. “ही पुसायची न्हाय,” म्हणालात. “बाप आज काढ म्हणतोय. उद्या पोरगी मागत यील, तवा काय दाखवायचं?”

तात्या, आता ऐका. पिंपळीला एक जावळ होतं. तुम्ही दुसऱ्या लग्नाला गेला होता आणि पहिल्यांदाच मला एकटीला पाठवलं होतं. निघताना कपाटात बघते तर कोरी कॅसेट एकही नाही. दुकानात जायला वेळ नाही, एसटी सुटायला आलेली, आणि पहिल्याच कामाला कॅसेट नाही म्हणून सांगायची माझी छाती नाही. वरच्या कप्प्यातली काढली. तुटलेल्या टॅबच्या भोकावर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा चालते, हे तुम्हीच शिकवलेलं. मला वाटलं, सुरुवातीची थोडीच पुसली जाईल, पाठवणी तर शेवटाला आहे. पण तिथल्या बायका मला सोडतील तर ना! पोराच्या मामापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांचं शूटिंग, मग जेवणावळ, मग पुन्हा पोरगं. कॅसेट संपेस्तोवर चाललं. पाठवणीही त्यातच पुसली गेली.

महिन्याभरानं तुम्ही सहज विचारलंत, “ती कोऱ्हाळ्याची हाय न्हवं जाग्यावर?” मी म्हणाले, “व्हय तात्या, हाय.” जाग्यावर होतीच की. तुम्ही कप्पा उघडून बघितला नाहीत. माझ्यावर विश्वास होता ना तुमचा. तुम्हाला डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा स्टुडिओ बंद करताना तुम्ही बाकीचं सामान विकलंत आणि तो पेचकस मला दिलात, कॅसेटींच्या खोक्यासकट. मी तुमच्या पाया पडले. तेव्हा तरी बोलायचं! नाही बोलले. पेचकस अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि खण उघडताना आजही आधी दुसरंच काहीतरी शोधल्यासारखं करते.

मंगळवारी ती गेल्यावर मी ती कॅसेट लावली. वेड्यासारखी शेवटपर्यंत बघितली. मामाच्या मांडीवर रडणारं पोरगं, भादरलेलं डोकं, पत्रावळी. बुधवारी पुन्हा लावली, जणू रात्रीतून आबा परत येणार होते. घरात कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरायला लागले, भाजीत दोनदा मीठ पडलं. एक मन म्हणायचं, सरळ सांग, होते तुझे आबा, मी डोळ्यांनी बघितलंय. दुसरं म्हणायचं, नुसतं सांगून कोण ऐकतंय? सख्ख्या आईचं ऐकलं नाही तिनं, तुझं ऐकेल? आणि आबांना दिलेला शब्द? त्यावर मात्र मी स्वतःशीच भांडले. नांदायची ती नांदली बावीस वर्षं. आता कसला शब्द!

गुरुवारी तिची व्हीसीडी कॉम्प्युटरवर घेतली आणि एकेक फ्रेम पुढं सरकवत गेले, केवळ हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून. काचेवरची नावं. कोपर. कट. आणि मग मी थांबले. तात्या, मोझॅक कटच्या पुढं टाकला की तो कापलेल्या तुकड्यातलंच पुढचं चित्र घेतो आणि त्याचेच चौकोन करतो! रोज हेच करते मी, पण कधी असं डोक्यात आलं नव्हतं. दोन सेकंदांतला पहिला सेकंद सगळा आबांचा होता. पहिल्या काही फ्रेमा तर चौकोन ज्वारीच्या दाण्याएवढेच. फेटा कळतो, काचेकडं जाणारा हात कळतो. मग चौकोन मोठे, आणखी मोठे, आणि माणूस जातो. त्या सेकंदाच्या सगळ्या मिळून पंचवीस फ्रेमा. चालू व्हिडिओत डोळ्याला काही म्हणजे काही लागत नाही.

तुम्ही हे जाणूनबुजून केलंत का? बापाला दिलेला शब्दही पाळायचा आणि लेकीचंही राखायचं, म्हणून दोन सेकंद? का तो कट झाकायला एक सेकंद पुरला नसता, एवढंच होतं? तुम्हाला विचारायची सोय नाही आणि माझा जीव टांगणीला लागलाय. शिवाय व्हीसीडी जुनी. त्या हाताच्या जागी एक हिरवा डाग येतोय, प्रत्येक फ्रेममध्ये, चौकोन वाढेल तसा तोही वाढतोय. आज शुक्रवार, दुपारभर मी तो डाग पुसता येतो का बघत होते. मग भीती वाटली, की आहे तेही घालवून बसेन. एकदा पुसलंय तेवढं बास झालं.

काल इथवर लिहून उठले होते. आज ती आली, सकाळी दहालाच. मी आधी सगळं बोलून टाकलं. आबा गाडीच्या मागं होते, रडत होते, त्यांनीच कापायला लावलं, का लावलं, तेही. तिनं कॅसेटीचं विचारलं तर मी म्हणाले, बुरशी. ती ऐकत होती पण चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. मग मी फ्रेमा दाखवल्या. ती म्हणाली, “हे कुणीबी असंल. फेटं काय, समद्यांनीच बांधल्यालं.” तात्या, मी माऊस सोडला नाही. पुढची फ्रेम. पुढची. फेट्याचे चार गुलाबी चौकोन झाले, सदऱ्याचे पांढरे, आणि ती एकदम उठून पडद्याजवळ गेली.

“हे हिरवं काय हाय?”

मी म्हणाले, “डाग आहे हो, सीडी जुनी झालीये.”

“डाग न्हाय.” तिनं त्या हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं. “बुंदीच्या काहिलीला आबांचा हात भाजला हुता, हळदीदिवशी. बोलत नव्हतो आमी. मी माझी कालिजातली हिरवी ओढणी फाडली आन् चिंधी घिऊन नुसती म्होरं जाऊन हुबी ऱ्हायले. त्यांनी गुमान हात पुढं केला.”

मग ती मला सारखी मागं घ्या, मागं घ्या म्हणत राहिली. मी चौकोन बारीक करत कोपरापर्यंत न्यायची, पुन्हा पुढं आणायची. किती वेळा ते सांगता येणार नाही. शेवटी ती खाली बसली, पदरात तोंड घातलं आणि तिच्या आईच्याच शब्दांत म्हणाली, “होते की गं मागं.” मीही रडले. कशासाठी ते तिला कळलं नाही, आणि बरंच झालं.

त्या पंचवीस फ्रेमा मी तिला पेनड्राईव्हवर काढून दिल्या. दारात चपला घालताना ती म्हणाली, “तुमच्या तात्यांनी राखलं बघा हे.” मग जरा थांबून विचारलं, “कॅसेटीला बुरशीच लागली म्हणायची?” मी म्हणाले, “व्हय.” तुम्हाला म्हणाले होते अगदी तसंच, त्याच आवाजात.

ती गेल्यावर कॅसेटच्या भोकावरची चिकटपट्टी नखानं काढली. पिवळी पडून पार चिकटली होती, तुकड्यातुकड्यानं निघाली. हा कागद आता त्याच कॅसेटच्या खोक्यात ठेवते, दुसरीकडं कुठं टाकणार? तुम्हाला सांगायला धीर झाला तो तुम्ही वाचणार नाही म्हणून. जी वाचू शकते तिचा नंबर माझ्याकडं आहे, आणि मी तो अजून लावलेला नाही.