शिडाचा झोळ

दि. ४, सोमवार

ती. दादास, सा. न. वि. वि.

होडी मागितली होती, म्हैस नाही. मी त्या निळ्या, निमुळत्या होडीवर बोट ठेवलं होतं ना? जन्मभर होड्या दुरुस्त करतोस आणि बहिणीला ही रुंद, बसकी पाठवलीस. तळ्याकाठचे सगळे हसले. वर शीड ढगळ. पंचवीस वर्षं कपडे शिवतेय, बिघडलेलं माप मला लांबून कळतं. मधोमध एवढा झोळ! शनिवारी बसून चार टक्स घेतले, आता कसं इस्त्री केल्यासारखं बसलंय.

काल ह्यांना घेऊन गेले, तर म्हैस जागची हलेना. डावा हात गेल्यापासून हे वर्षभर घराबाहेर पडले नव्हते. तीस वर्षं बस चालवलेला माणूस पहिल्यांदा उठून आला आणि तासभर उन्हात बसून राहिला. परतताना म्हणाले, राहू दे, आता मला काही चालवायला जमायचं नाही. हे तुझ्यामुळे. होडी घेऊन जा.

वहिनीचा गुडघा शेकत जा.

तुझ्यावर चिडलेली,
धाकटी


दि. ९, शनिवार

चि. सौ. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

शिव्या पोचल्या. ती निळी होडी जरा वारा आला की कलते, मेहुण्यांना एका हातानं सावरली नसती. ही रुंद आहे म्हणून उभं राहिलं तरी डगमगत नाही. पाठीला टेकू आहे, शिडाचा आडवा दांडा डोक्याला लागत नाही, ओढायला दोरी एकच.

आणि बाई, शिडाला झोळ मुद्दाम ठेवतात. त्यातच वारा बसतो. तू वाऱ्याची जागाच शिवून टाकलीस. वहिनी हे वाचून इतकी हसली की गुडघा विसरली.

टाके उसव. मेहुण्यांना आजच सांग, दोष त्यांच्या हाताचा नाही, तुझ्या सुईचा.

दादा


दि. १८, सोमवार

ती. दादास, सा. न.

टाके ह्यांच्यासमोर बसून उसवले, चूक माझी म्हणून सांगितलं. विचारतात, माझ्या शर्टांचंही असंच केलंस का. वर्षानं हसले.

काल गेलो. शीड फुगलं आणि म्हैस चालायला लागली. ह्यांनी उजव्या हातात सुकाणू धरलं, मी दोरी. वळण घ्यायच्या आधी सवयीनं मागं बघितलं आणि मला म्हणाले, बाई, आत सरका. मी सरकले. तोंड पाण्याकडे करून बसले, काय करणार.

मला आभार मानता येत नाहीत, ते शिकवायच्या आधीच शाळा सुटली. तू माझं ऐकलं नाहीस, बरं केलंस. तुला दोन सदरे शिवते. माप पाठव, आणि ढगळ हवेत की अंगाबरोबर ते नीट लिही. आता कुणाचा झोळ काढायचा धीर होत नाही.

३१ तारखेच्या रविवारी वहिनीला घेऊन ये. म्हशीत चौघं मावतात. सुकाणू हे धरणार, तू मुकाट प्रवासी म्हणून बसायचं. येणार की नाही? पंचवीस तारखेच्या आत उत्तर हवं. मला नाही, ह्यांना. रोज दारात उभे राहून पोस्टमनची वाट बघतात.

आहे तशीच माया ठेव.
धाकटी