रक्तातलं लोह आणि नसलेला कुत्रा

शॉमबर्ग (अमेरिका), २ मार्च १९८६

ती. सुमेधावन्संना उत्तराचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघ्यांना तेल चालू आहे ना? मी बरी आहे, असं लिहिणार होते, पण इथल्या नर्सला ते मान्य नाही.

तुमच्या भावाला शेवटच्या आजारात सात बाटल्या रक्त चढलं. कुणाचं, ते कळलं नाही. म्हणून दरवर्षी हिवाळा सरताना मी रक्त देते (तुम्हाला कळवलं नव्हतं, रागावू नका). यंदा नर्सने बोट टोचलं आणि परत पाठवलं. हिमोग्लोबिन साडेबारा लागतं, माझं साडेअकरा. म्हणाली, ग्राउंड बीफ खा. म्हणजे गाईचा खिमा, वन्सं. पत्र खाली ठेवू नका, अजून बरंच आहे.

मी लायब्ररीतून तीन पुस्तकं आणली. वाटीभर मसुरात बीफपेक्षा लोह जास्त, पण शरीर त्यातलं थोडंच घेतं (लिंबू पिळलं तर जरा जास्त). बीफमधलं सहज अंगी लागतं, प्रथिनंही भरपूर. चरबी मात्र निथळायची, आणि ताटात भाजी, डाळ हवीच. म्हणजे नुसतं बीफ खाऊनही भागत नाही. याचं मला बरं वाटलं, का ते कळलं नाही.

दुकानात खिम्याचं पाकीट उचललं आणि मागे महाराष्ट्र मंडळाची वीणा.

"अय्या, उत्तराताई, हे काय?"

"कुत्र्यासाठी," मी म्हटलं.

रविवारी तीन कुटुंबं मुलांना घेऊन कुत्रा बघायला आली. मी सांगितलं, झोपलाय. त्यांच्यातले डॉक्टर त्र्यंबकराव म्हणाले, "भरदुपारी एवढा झोपतो? त्याचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, वहिनी."

पाहुणे गेल्यावर लसूण, मटार, टोमॅटो घालून शिजवलं आणि चार चमचे खाल्लं. चव मसाल्याचीच लागली. तुमचे भाऊ ऑफिसात दुपारी काय खायचे, हे मी कधी विचारलं नव्हतं. परवा समोरच्या त्यांच्या रिकाम्या खुर्चीला विचारलं.

तुमची,
उत्तरा

ता. क. जेवणानंतरचा चहा सोडला. त्याने लोह अंगी लागत नाही म्हणे. हे बीफपेक्षा जड गेलं.

आणखी एक. नर्सने पुन्हा बावीस तारखेला बोलावलंय, आणि त्याच दिवशी यांची तिथी आहे. उपाशीपोटी रक्त घेत नाहीत. तेव्हा यंदा माझा उपास तुम्ही धराल का? तुमचा असतोच, वेगळं काही करायला नको. पाणी सोडताना फक्त माझंही नाव घ्या.